मधले सहा शब्द

"हा फ्रिज किती ओरडतो," एवन पुटपुटला. मला उद्देशून नव्हे. समोरच्या वाडग्याला, चमच्याला, कुणालाच नाही. मंगळवारची सकाळ, सव्वासात झालेले, बाहेर उणे एकतीस, आणि मी त्याच्यासाठी अंडी फोडत होते. तिसरं अंडं हातात तसंच राहिलं. त्या फ्रिजला आमच्या घरात चौदा वर्षं झाली. तो ओरडत नाही. तो घुमतो, थोड्या वेळानं थांबतो, थांबताना आजारी माणसासारखं एकदा अंग झटकतो, आणि पुन्हा घुमायला लागतो. मला तो ऐकू येणं केव्हाच बंद झालंय, जसं ऑरेस्टचं, माझ्या नवऱ्याचं, बोलणं ऐकू येणं बंद झालंय. आणि एवननं तर ह्या फ्रिजसमोर दीड वर्ष जेवण केलंय, आईला फोन केलेत, एकदा तो रडलाय. त्यानं कधी त्याचं नाव काढलं नव्हतं. मी मान न वळवता विचारलं, "काय म्हणालास?" "काही नाही," तो म्हणाला. टोपीची झापड त्यानं आणखी खाली ओढली. घरात, जेवणाच्या टेबलावर टोपी. एरवी मी ओरडले असते. मी तिसरं अंडं फोडलं आणि वरचा दिवा मालवला. अर्ध्या अंधारात त्याचे खांदे दोन बोटं खाली आले, ते मी पाहिलं. पाहिलं आणि अंड्यांवर मीठ घातलं.

तो आमच्याकडे आला तेव्हा सोळाचा होता. गावाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ लांबून पोरं आणतो आणि गावातल्या घरांत ठेवतो. आम्ही बायका त्यांना खाऊ घालतो, त्यांचे घामेजलेले मोजे धुतो, परीक्षेच्या दिवशी उठवतो, आणि हे सगळं का करतो असं कुणी विचारलं की घर मोठं आहे म्हणतो. एवन आमचा सहावा. मॅनिटोबातल्या शेतावरचा, मेनोनाइट घरातला, जेवणाआधी डोळे मिटणारा. नुसते पाय आणि मनगटं. बाकीचा मुलगा मागून येणार होता. बचावाला खेळायचा. आमच्या ह्या खेळात पुढे धावणाऱ्यांचे फोटो छापतात. बचाववाल्याचं काम मागे मागे जाण्याचं. समोरून माणूस अंगावर येतोय, त्याच्याकडे तोंड करून उलटं घसरत जायचं, मधलं अंतर ना वाढू द्यायचं ना कमी होऊ द्यायचं, आणि तो कंटाळून चूक करेपर्यंत वाट पाहायची. कोच त्याला म्हणायचा, "तुझे पाय हळू आहेत, फ्रीसेन, तेव्हा डोकं तरी लवकर पोचव." पहिल्या हिवाळ्यात तो मोजे घालून ह्या स्वयंपाकघराच्या लिनोलियमवर उलटा घसरायचा, हातात झाडू, आणि समोर हा फ्रिज. फ्रिज म्हणजे प्रतिस्पर्धी. "हा चांगला आहे," म्हणायचा, "कुठं हलत नाही, माझं अंतर कधी चुकत नाही." मी बटाटे सोलत बसायची आणि तो डावीकडे वळायचा, उजवीकडे वळायचा, दर वळणाला आधी खांद्यावरून मागं पाहायचा. आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्या. कारण पक, ती खेळायची रबरी चकती, कोपऱ्यात पडला की तो आणायला बचाववाल्याला पाठ करूनच जावं लागतं, आणि मागून कोण येतंय हे पाठीला दिसत नाही. "एका खांद्यावरून पाहिलंस तर वाचशील," कोच म्हणायचा, "दोन्हीवरून पाहिलंस तर खेळशील." ते वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं की मी रस्ता ओलांडताना दोन्ही खांद्यांवरून पाहायला लागले, आणि ऑरेस्ट म्हणाला, "म्हातारे, तुला कोण धडकणार आहे?" पहिल्या वर्षी तो अर्धे सामने बाकावर बसला. दुसऱ्या ऑगस्टमध्ये आला तो चार इंच रुंद होऊन, पाय अचानक त्याचेच झालेले. ऑक्टोबरात तो पहिल्या जोडीत होता. मी रिंकवर कुणाला सांगितलं नाही की ते वळण आमच्या बटाट्यांसमोर तयार झालंय. पण कुणी विचारावं म्हणून मी फार वाट पाहिली.

मी त्याच्यासाठी केलेली पहिली चांगली गोष्ट मात्र वेगळीच होती. तो आला त्या पहिल्याच आठवड्यातली. आमचा आधीचा मुलगा, डेव्हिन, निरोपाचं जेवायला आला होता, आणि तोंडात बटाट्याची पेरोगी कोंबून त्यानं नवख्याला शहाणपण शिकवलं. "सोमवारी रॉस तुझी डोक्याची परीक्षा घेईल. दहा शब्द वाचेल, म्हणायला सांगेल. हुशारी दाखवू नकोस. आत्ता दहा सांगितलेस, तर उद्या डोक्याला लागल्यावरही दहाच सांगावे लागतील. आत्ता चार सांगितलेस, की मार खाल्ल्यावरही चार येतातच. दोन हंगाम तीच नोंद चालते. सगळे तेच करतात." रॉस म्हणजे संघाचा फिजिओ, भला माणूस, वहीत पेन्सिलनं लिहिणारा. ऑरेस्ट हसला. मीही हसले. एवन हसला नाही. खोटं कसं बोलायचं हे त्याला घरी शिकवलेलं नव्हतं. डेव्हिन गेल्यावर त्यानं मला विचारलं, "पण कुठले चार?" आणि मी, भांडी पुसता पुसता, त्याला उत्तर दिलं. कारण मला ते माहीत होतं. मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एकवीस वर्षं काम केलंय आणि त्यातली शेवटची तीन माझी आई वरच्या मजल्यावर होती. दर सहा महिन्यांनी डॉक्टर तिला शब्द द्यायचे आणि मी तिच्या शेजारी बसून ते मनातल्या मनात धरून ठेवायची, जणू तिच्या वतीनं मी सांगितले तर चालणार होते. खरं विसरणारा माणूस कसं विसरतो हे मी तिच्या तोंडावर शिकले. तो सुरुवातीचे एकदोन धरतो, शेवटचे एकदोन धरतो, मधले सगळे पाण्यात जातात. मी एका पाकिटाच्या पाठीवर दहा शब्द लिहिले. पीठ, खिळा, नदी, काकडी, टोपी, घंटा, बेडूक, साबण, पूल, लोणी. एकदा वाचले, आणि त्या पोरानं दहाच्या दहा पाढ्यासारखे म्हणून दाखवले, डोळे चमकत. "बावळटा," मी म्हटलं, "पहिले दोन, शेवटचे दोन. मधले सहा सोड." "पण बेडूक कसा सोडायचा? बेडूक तर कुणाच्याही लक्षात राहील." "म्हणूनच सोडायचा. बेडकाला विसरलास की रॉसला खात्री पटेल." आम्ही तीन दिवस सराव केला. तो 'पूल' म्हणण्याआधी कपाळाला आठ्या घालायला शिकला. ते आठ्या घालणं माझ्या आईचं होतं. मी माझ्या आईचं विसरणं एका धडधाकट पोराला घालायला दिलं, जसे आपण कुणाचे जुने कपडे देतो, आणि वर मला वाटलं होतं की मी त्याला आपलंसं केलं. पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलं. चार शब्द, रॉसच्या वहीत. सोमवारी संध्याकाळी मी केक केला.

ह्या दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात, घरच्याच रिंकवर, पक कोपऱ्यात गेला. एवन तो आणायला वळला. डाव्या खांद्यावरून पाहिलं. उजव्या खांद्यावरून पाहायच्या आत समोरच्या संघातला एक जण येऊन धडकला. मी एवढंच सांगू शकते की आवाज मोठा नव्हता. मुरांब्याच्या बाटलीचं झाकण घट्ट बसतं तसा, रिंकभोवतीच्या काचेवर. मग तो बर्फावर आडवा, एक हातमोजा लांब पडलेला. ऑरेस्ट माझा दंड धरून म्हणत होता, "उठेल, उठेल, उठेल." मी अकरापर्यंत मोजलं. तो उठला. लोकांनी फळ्या बडवल्या, आणि मीही बडवल्या. माझे तळवे दुसऱ्या दिवशीही दुखत होते. दुसऱ्या दिवशी त्यानं वाडग्यातल्या मक्याच्या पोह्यांवर संत्र्याचा रस ओतला, खाल्लं, अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि आम्ही तिघं हसलो. इतकं हसलो की ऑरेस्टला ठसका लागला. रॉसनं दहा शब्द वाचले. चार आले. पहिल्या ऑगस्टात चार, ह्या नोव्हेंबरात चार. "काही फरक नाही," रॉस फोनवर मला म्हणाला, त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता, "तंतोतंत आहे." मी म्हटलं, "देवाची कृपा." देवाला मधे ओढायची माझ्या जिभेला सवय नाही. त्या दिवशी ती आपणहून गेली.

सहा दिवसांनी तो परत खेळायला लागला आणि तेव्हापासून सगळं गाव त्याचं कौतुक करतंय. का, तर तो आता मान वळवत नाही. पक कोपऱ्यात गेला की सरळ जातो, खांद्यावरून बघत नाही, घाई नाही, उचलतो आणि देतो. गुरुवारच्या सरावाला मी त्याचे विसरलेले हातमोजे द्यायला गेले (हातमोजे तो हल्ली विसरतो) तर तिकीटखिडकीवरची मर्ना मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाहिलंस तुझं पोर? मागं कोण येतंय बघतसुद्धा नाही. नसा बर्फाच्या आहेत त्याच्या!" तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "आमच्या वेळी ह्याला बिनडोक म्हणायचे." "आणि आता म्हणे ह्याला शांतपणा म्हणतात," मर्ना म्हणाली, "रेडिओवर कोचच म्हणाला. शनिवारी ह्याला बघायला तिघं येतायत, विमानानं! वरच्या संघांची माणसं. काय खायला घालतेस गं त्याला?" मी म्हटलं, "बटाटे." ती हसली. मी काचेतून पाहिलं. तो बर्फावर उलटा घसरत होता, आणि वळताना मान नाही, सगळं धड वळवत होता, कपाट वळवावं तसं. मान वळवली की त्याला जग उशिरानं वळतं, हे मला माहीत होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. पण जिन्यावर तो कठड्याला धरून उतरतो; अभ्यासाचं पुस्तक पंधरा मिनिटं एकाच पानावर असतं; आईशी फोनवर बोलताना त्यानं कुत्र्याची चौकशी केली, आणि तो कुत्रा उन्हाळ्यात मेलाय. पलीकडे लोरीना, त्याची आई, बराच वेळ गप्प राहिली असावी, कारण एवन म्हणाला, "अगं गंमत केली." ती काय म्हणाली कुणास ठाऊक. तिलाही एक जीभ आहे आणि तिनंही ती आत ठेवली. ऑरेस्टनं टीव्हीचा आवाज बंद करून सामने पाहायला सुरुवात केली. म्हणतो, "निवेदक मूर्ख आहेत." आम्ही घरभर मोज्यांनी चालतो. आणि त्या मंगळवारी, तो शाळेला गेल्यावर, मी काय केलं? मी रॉसला फोन केला नाही. मी फ्रिजचं बटण बंद करून वायर काढली. दूध, लोणी, मटण, सगळं मागच्या ओट्यावर लाकडी पेटीत नेऊन ठेवलं. उणे एकतीसमध्ये फ्रिज लागतो कुणाला. संध्याकाळी एवन आला, जेवला, मधेच थांबून त्यानं कानोसा घेतला, आणि माझ्याकडे पाहून हसला. इतक्या कृतज्ञतेनं माझ्याकडे पोटच्या पोरानंही पाहिलेलं नाही. पोटचं मला नाही, म्हणून ह्या तुलनेला अर्थ नाही, पण ती मनात आली. दूध रोज सकाळी दगड होतं. मी ते सुरीनं फोडते.

का गप्प राहिले त्याची कारणं मी स्वतःला बरीच दिली आहेत, स्वयंपाक करता करता, ओळीनं. पोराचं स्वप्न आहे. जूनमध्ये वरच्या संघांची निवड आहे, ही एकच वेळ. ह्या महिन्यात संघ आपापले लंगडे घोडे एकमेकांच्या गळ्यात मारतात, त्याला कुठल्या कुठं पाठवतील. मी कोण, डॉक्टर की काय? पण जिन्याच्या भिंतीवर पाच फोटो आहेत, पाच पोरांचे, आणि त्यांतला एकही वर गेला नाही. एक ट्रॅक्टर विकतो, एक पोलिसात आहे, डेव्हिन सासऱ्याकडे छपरं घालतो. नाताळला कार्डं येतात, त्यांत माझ्या नावाचं स्पेलिंग चुकतं. सहावा वर जाईल, तिथं मोठ्या दिव्यांखाली कुणी त्याला विचारेल, आणि तो म्हणेल, माझी तिथली एक आई होती, तिच्या स्वयंपाकघरात. हे एवढं वाक्य मला हवं होतं. त्यासाठी मी त्याचं डोकं रोज सकाळी अंडी घालून रिंकवर पाठवत होते. जिना झाडताना मी त्या फोटोंकडे बघेनाशी झाले होते. सहाव्या खिळ्याची जागा मी नोव्हेंबरातच पेन्सिलनं खूण करून ठेवली होती, ती आता बोट ओलं करून पुसू म्हटलं तर डाग पसरला.

शनिवारी लोरीना आली, पहाटेपासून सात तास गाडी हाकत, मांडीवर धुरावलेल्या सॉसेजची पिशवी. मोठ्या हाडाची, कमी बोलणारी बाई. तिनं एवनला जवळ घेतलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर जरा जास्तच वेळ ठेवलं. मी नूडल्स आणि कोंबडी केली होती. सामना सातला, जेवण एकला, हा नियम. ती सॉसेज ठेवायला फ्रिजकडे गेली, दार उघडलं, आणि उभी राहिली. "ग्लेंडा, तुमचा फ्रिज बंद पडलाय. आत ऊब आहे."

"तो पडलेला नाही, पाडलाय," ऑरेस्ट घाईनं म्हणाला. "आमची म्हातारी जुन्या वळणाची. म्हणते, बाहेर फुकटची थंडी असताना विजेला कशाला पैसे."

लोरीना हसली. दार लावताना तिची नजर चुंबकाखालच्या पाकिटावर गेली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन तिनं मोठ्यानं वाचलं. "पीठ, खिळा, नदी, काकडी, टोपी, घंटा, बेडूक, साबण, पूल, लोणी. हे काय, बाजाराची यादी? तुमच्या दुकानात नदी मिळते?"

"आणि बेडूक," ऑरेस्ट म्हणाला. "फ्रेंच लोकांकडे चांगला मिळतो."

"खेळ होता आमचा, आई," एवन म्हणाला. "आठवणीचा. एकदा ऐकायचं आणि सांगायचं." तो किंचित उशिरा हसला होता, आमचं हसून झाल्यावर.

"असं होय? मग मी सांगते." लोरीनानं पाकीट पालथं घातलं, डोळे मिटले, प्रार्थनेसारखं, आणि आठ सांगितले, घंटा आणि पूल राहिले. ऑरेस्टला सात आले आणि आठवा शब्द त्यानं बिअर सांगितला. लोरीनाला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचे दात थेट एवनचे. "आता तू," ती म्हणाली. "सातव्या वर्षी अख्खं स्तोत्र म्हणून दाखवलंस चर्चमध्ये, आठवतं ना? चल."

एवननं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आमची चोरांची नजर आहे, ऑगस्टची. मी डोळ्यांनी त्याला खूण केली, आज सगळे सांग, आज इथं रॉस नाही. "पीठ," तो म्हणाला. "खिळा." मग त्यानं काट्यानं नूडल्स बाजूला सारल्या, जणू त्यांच्याखाली काही ठेवलंय. कपाळाला आठ्या पडल्या. त्या आठ्या मी ओळखल्या. त्या मी शिकवलेल्या नव्हत्या. शिकवलेल्या दोन होत्या, ह्या तीन होत्या, आणि एक डावीकडे खाली वळलेली, वरच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसलेल्या बाईच्या कपाळावर होती तशी. "लोणी," तो म्हणाला, आणि थांबला.

"नाटकी कुठला!" लोरीना म्हणाली.

"एवन," मी म्हटलं, "पुरे आता. सगळे सांग."

"सांगितले की."

"मधले. बेडूक वगैरे."

त्यानं टोपीखालून वर पाहिलं. डोळ्यांत चमक नव्हती, लबाडी नव्हती, फक्त सभ्यपणा होता, दुसऱ्याच्या घरी न कळलेल्या विनोदाला हसावं की नाही असा. "कुठला बेडूक?" त्यानं विचारलं.

घरात इतकी शांतता होती की ऑरेस्टच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. ती शांतता माझ्या हातची होती. वायर काढून केलेली. लोरीनाचा हात पाकिटावर तसाच होता, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरत गेलं. ती माझ्याकडे बघेना. तिला माहीत होतं. कुत्र्याची चौकशी केली त्या दिवसापासून तिला माहीत होतं, आणि तरी सात तास गाडी हाकत ती सामना बघायला आली होती. "अगं, ह्या वयात पोरांचं लक्ष असतं कुठं," ऑरेस्टनं सुरुवात केली, "मी सतराचा असताना तर—"

"ऑरेस्ट," मी म्हटलं, आणि तो गप्प झाला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

एवनला आता कळलं होतं. शब्द नव्हे, शब्द त्याला कळलेच नाहीत. आमची तोंडं कळली. "ग्लेंडा, नको," तो हळू म्हणाला. "आजचा एकच. मी कुणाला धडकणार नाही. आजचा झाला की मग." त्यानं टेबलाची कड धरली होती, दोन्ही हातांनी, जिन्याचा कठडा धरतो तशी. सव्वादोन वाजले होते. विमानानं आलेली तीन माणसं गावातल्या कुठल्यातरी हॉटेलात बूट पुसत असतील. मी उठले, फ्रिजमागं हात घालून वायर शोधली, आणि भिंतीत खोचली. फ्रिजनं अंग झटकलं आणि तो घुमायला लागला. एवनचे डोळे मिटले गेले, खांदे कानांपर्यंत आले, आणि हे त्याच्या आईनं पाहिलं. मला ते तिला पाहू द्यायचं होतं. मग मी वायर परत काढली. त्या पोराला एवढं दुखवून दाखवावं लागलं, कारण तोपर्यंत माझी जीभ उघडत नव्हती.

"लोरीना," मी म्हटलं, "ह्याच्या डोक्याला नोव्हेंबरात मार बसलाय. तो बरा झालेला नाही. ते मला रोज सकाळी दिसतंय. रॉसच्या वहीतले चार शब्द खोटे आहेत. ह्याला दहाच्या दहा येत होते. विसरायला मी शिकवलं."